निवायला ठेवलेली काच

नंदाचा फोन आला तेव्हा मी कंपनीत एका प्रेशर गेजचा काटा शून्यावर का परतत नाही ते बघत होते.

"ऐक, आपली लॅब रिकामी करतायत," ती म्हणाली. हॅलो वगैरे म्हणायची तिला सवय नाही. "शनिवारी दुपारी भंगारवाला येणार. त्याआधी जाऊन येऊ."

"जाऊन काय करायचं?"

"काही करायचं नाही. नुसतं बघायचं. दर वेळी काहीतरी करायलाच पाहिजे का तुला?"

मी गेले. एक कापडी पिशवी आणि थोडी रद्दी बरोबर घेतली, कारण काच आणायची वेळ आली तर हात कापून घेण्यात अर्थ नाही. विद्यापीठाच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली आहे. तिच्या दारावर 'काचकाम' अशी पाटी असायची. आता पाटीच्या जागी खिळ्यांची चार भोकं होती. नंदा पायरीवर बसून शेंगदाणे खात होती. वर्गातल्या अकरा जणांत आम्ही दोघीच मुली. ती घाटकोपरच्या चाळीत वाढलेली, मूळची राजापूरकडची. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. आता ती मुलुंडच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गुडघे दुखतात म्हणते आणि लिफ्ट सोडून जिन्याने जाते.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"दहा म्हणाली होतीस, दहाच वाजलेत."

"मग मी लवकर आले. चल."

आत गेल्यावर पहिलं जाणवलं ते वास नसल्याचं. या खोलीला वास होता. गॅसचा, तापलेल्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचा, पंपाच्या तेलाचा आणि कुणाच्या तरी भुवया जळल्याचा. आठवड्यातून एकदा कुणी ना कुणी ज्योतीवर जरा जास्तच वाकायचं. वारा पार्ल्याकडून आला की या सगळ्यावर बिस्किटांचा गोड, भाजका वास येऊन बसायचा. मी पार्ल्याचीच. तो वास लहानपणापासून इतका नाकात बसलेला की घरी असताना मला तो कधी यायचाच नाही. इथे आल्यावर यायचा. आता तो बिस्किटांचा कारखानाही नाही. खोलीत ओल्या भिंतीचा वास होता, जो कुठल्याही बंद खोलीला येतो.

आमचा अभ्यासक्रम बी.एस्सी.नंतरचा, दोन वर्षांचा. नाव लांबलचक होतं. त्यात भौतिक, उपकरण आणि तंत्र हे तिन्ही शब्द होते, तरी ते ऐकून प्रत्येक जण विचारायचा, "म्हणजे नक्की कोण होणार तू?" शास्त्रज्ञ नाही, इंजिनीयर नाही. शास्त्रज्ञाचं यंत्र बंद पडलं की तो ज्याला हाक मारतो, ते आम्ही. आईने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे शिकलेला मिस्त्री." चुकीचं नव्हतं. पहिल्या वर्षी आम्ही पंप खोलले आणि लावले. हात साबणाने धुऊनही तेलाचा वास जात नसे, डब्यातल्या पोळीला तो लागायचा. नंदा म्हणायची, "आपल्या भाजीत फोडणी नाही गं, पंप ऑइल आहे." दुसऱ्या वर्षी व्हॅक्यूम आणि काच.

काच शिकवायला दुमिंग मास्तर होते. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आत जे जुनं गावठाण आहे तिथले. त्यांच्या लहानपणी घरची भातशेती होती, तिथे आता गोदामं आहेत. रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे आणि सोमवारी सकाळी बोटं मोडत यायचे. मे महिन्यात त्यांच्या शर्टाला मसाल्याचा वास असायचा, कारण घरी वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत ठासून भरायचं काम चाललेलं असे. नाताळनंतर पहिल्या दिवशी डबाभर फुगे आणायचे, मैद्याचे, गोल, तळलेले. आम्ही अकरा जण ते दोन मिनिटांत संपवायचो आणि ते डबा उलटा करून म्हणायचे, "तुमच्या घरी जेवाला देत नाय काय?"

ज्योतीसमोर बसताना ते जांभळट काचेचा चष्मा घालायचे. तो आम्हालाही घालावा लागे. तो घातला की ज्योतीचा पिवळा भगभगीत उजेड नाहीसा व्हायचा आणि मऊ झालेली काच तेवढी दिसायची, मधासारखी हलणारी. पहिल्यांदा घातला तेव्हा मला वाटलं गॅस संपला. तोंडात रबराची नळी धरायची, दोन्ही हातांनी काच सारखी फिरवत ठेवायची आणि मधेच फुंकायचं. मी सगळं जोरात करायची. माझे पहिले सहा फुगवटे फुटले.

"बाय, टायरमध्ये हवा नाय भरायची," मास्तर म्हणाले. "बारक्या पोराच्या डोळ्यात काय तरी गेलंय, तशी फुंक."

काच कापायची तर त्रिकोणी कानशीने एक ओरखडा काढायचा, त्यावर ओला अंगठा टेकवायचा आणि अलगद वाकवायचं. नीट जमलं तर आवाज येतो तो फक्त 'टिक'. माणसांना वाटतं काच फुटते तेव्हा खळ्ळकन आवाज होतो. तो जमिनीवर पडल्याचा आवाज. काचेचा स्वतःचा आवाज टिक एवढाच.

पण मास्तरांचं खरं शिकवणं जोड पूर्ण झाल्यावर सुरू व्हायचं. ज्योतीत तापवून जोडलेली काच वरून थंड होते पण आतून आखडलेली राहते, तिच्यात ताण उरतो. म्हणून ती भट्टीत ठेवायची. संध्याकाळी भट्टी तापवायची, मग बंद करायची, आणि आतली काच तिच्या तिच्या वेळाने निवेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. मास्तर याला निजवणं म्हणायचे. "पाच वाजता निजवली का उद्या बाराला उठवायची. मधी उठवली का दिवसभर चिडचिड करील." दुसऱ्या दिवशी बारा वाजता ते हातातलं काम थांबवून उभे राहायचे, डोळे मिटून दुपारची प्रार्थना पुटपुटायचे, कपाळावर आणि छातीवर क्रूस करायचे आणि मगच भट्टीचं दार उघडायचे. वर्गातला सगळ्यात नास्तिक मुलगासुद्धा तेव्हा चप्पल वाजवत नसे.

मग ती काच 'खिडकी'त बघायची. खिडकी म्हणजे एक लाकडी चौकट, तिच्यात दोन काळपट पोलरॉइड काचा आणि मागे दिवा. दोन काचांच्या मधे आपला जोड धरायचा. ताण उरला असेल तर तिथे रंग दिसतात: पिवळा, निळा, मोरपिशी. ताण गेला असेल तर काही दिसत नाही, नुसता काळोख. इतर सगळीकडे रंग दिसले की माणसं आनंदतात. आम्ही रंग दिसले की शिवी हासडायचो आणि जोड पुन्हा भट्टीत. काळा दिसला तर पास. पास झाल्यावर कानशीने त्यावर आपली खूण करायची. माझी खूण हुकासारखा वळलेला आकडा, नंदाची त्रिकोण. मास्तरांची एक उभी रेघ आणि तिला छेद देणारी एक आडवी. ते मात्र आपली खूण नळी कापतानाच करून टाकायचे. आपल्या जोडाचा निकाल बघायची त्यांना गरज नव्हती. आणि एक नियम पक्का होता: रंग असलेल्या काचेला कानस लावायची नाही, ती तिथूनच चिरते.

मोडलेल्या वस्तूही मास्तर टाकत नसत. खिडकीवरच्या फळीवर त्या ओळीने मांडलेल्या असायच्या, प्रत्येकीला दोऱ्याने एक चिठ्ठी. चिठ्ठीवर कारण: 'ओला हात', 'भिंत पातळ', 'गप्पा'. नाव कधीच नाही. नंदाने विचारलं होतं, नाव का नाही. "नाव लिवलं का पोर उद्या येत नाय," ते म्हणाले. "कारण लिवलं का येतो."

दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत मला ट्रॅप करायचा होता. ट्रॅप म्हणजे एका जाड नळीत दुसरी नळी बसवून केलेलं भांडं. ते व्हॅक्यूमच्या काचनळ्यांच्या जाळ्यात, म्हणजे लाइनवर, जोडतात आणि बाहेरून द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. पंपाच्या तेलाची वाफ तिथेच गोठते, पुढे नमुन्यापर्यंत जात नाही. त्या मापाची नळी कपाटात एकच उरली होती, हातभर लांब. तिच्यात केसाएवढा एक हवेचा धागा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कारखान्यातला दोष, पण निरुपद्रवी. मास्तरांनी तिचे दोन तुकडे केले आणि आपल्या तुकड्यावर तेवढी खूण केली. एकाचा ट्रॅप त्यांनी मला करून दाखवला, दुसऱ्याचा मी केला. खरं सांगायचं तर माझाही चांगला झाला होता. ते दोन शेजारी ठेवले तर आई-मुलगी नव्हे, जुळ्या बहिणी वाटल्या असत्या. संध्याकाळी पाचला दोन्ही भट्टीत गेले.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत माझी मुलाखत होती. त्या कंपनीला प्रात्यक्षिकाची पूर्ण झालेली वही हवी होती, आणि वहीत शेवटची सही होती ती ट्रॅप लाइनवर बसवून दाखवल्याची. विभागप्रमुख त्या दिवशी दहालाच बाहेरगावी जाणार होते. लॅबची चावी त्या आठवड्यात माझ्याकडे होती. मी हिशेब केला आणि सकाळी आठला भट्टीचं दार उघडलं.

ट्रॅप चिमट्याने बाहेर काढला. चहाच्या किटलीइतका गरम होता, म्हणजे फार नाही असं मी स्वतःला सांगितलं. खिडकीत धरला. जोडापाशी तांदळाच्या दाण्याएवढी एक कोर दिसली, कडेला पिवळी, पोटात निळी. सुंदर होती. मी दिवा बंद केला आणि ट्रॅप लाइनवर बसवला. खूण केली नाही. कानस लावली असती तर तिथेच चिरला असता, हे मला मास्तरांनीच शिकवलं होतं.

मास्तर नऊला आले. भट्टीचं तापमान बघितलं, मग लाइनकडे बघितलं.

"बसवलास?"

"हो. सही पाहिजे होती, मास्तर."

"खिडकीत बघितलास?"

"बघितला."

"काळा?"

"काळा."

"खूण?"

"नंतर करते."

"बरं," ते म्हणाले आणि शर्टाच्या खिशातून चष्मा काढून पुसत बसले.

सही मिळाली. नोकरीही मिळाली. त्याच कंपनीत मी आजही आहे, आता विभाग माझ्या हाताखाली आहे. खूण करायची राहून गेली. जून महिन्यात रुजू व्हायचं होतं, तोवर मी आरामात होते. बटाटेवडे खाल्ले, लायब्ररीत झोपले.

त्याच लाइनवर नंदाचा प्रकल्प चालू होता. काचेच्या पट्ट्यांवर धातूचे पातळ थर चढवायचे आणि ते मोजायचे. पाच महिन्यांचे नमुने त्या लाइनवर व्हॅक्यूममध्ये होते, शेवटची तापवणी बाकी होती. एका मोठ्या संशोधन संस्थेत तंत्रज्ञाच्या जागेसाठी तिची निवड झाली होती. मे अखेर प्रकल्प पूर्ण झाल्याचा कागद द्यायचा, बस. चाळीत पेढे वाटून झाले होते. तिचे वडील वॉचमनच्या गणवेशात विद्यापीठाच्या फाटकापर्यंत येऊन, आत न येता, इमारत बघून गेले होते.

माझ्या मुलाखतीनंतर तीन आठवड्यांनी, दुपारी, ती ट्रॅपभोवती नायट्रोजन ओतत होती. मी शेजारच्या टेबलावर वही लिहीत होते. पांढरी वाफ टेबलावरून खाली उतरत होती, पायांना गार लागत होती. आणि टिक.

त्यानंतर हवा आत शिरल्याची शीळ आली. पंपातलं तापलेलं तेल करपलं, काळा धूर आला. तिचे आरशासारखे नमुने आमच्या डोळ्यांदेखत चहासारखे तपकिरी झाले. नंदा हातात भांडं धरून तशीच उभी होती.

"मी भसकन ओतलं का?" तिने मला विचारलं. "तू बघत होतीस ना? मी भसकन ओतलं का गं?"

"नाही," मी म्हणाले. तेवढं खरं बोलले. तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी सगळ्यांना बोलावलं. चूक ओतणाऱ्या हाताची की जोडाची, एवढाच प्रश्न होता. ओतणाऱ्या हाताची ठरली तर नंदाच्या प्रकल्पावर शेरा बसणार होता. नंदा भिंतीला टेकून होती, ओठ पांढरे. मी तोंड उघडायची तयारी करत होते, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात मास्तर आत आले. तुटलेला ट्रॅप त्यांच्या हातात होता, रुमालात धरलेला.

"सायब, जोड माझा हाय," ते म्हणाले. "ही बघा खूण. पोरीची चूक नाय."

मी लांबून बघितलं. एक उभी, एक आडवी.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला हवं: सुटका. भट्टीत दोन सारखे ट्रॅप होते, मी घाईत चुकून त्यांचाच उचलला, खूण बघायला मी थांबले कुठे होते? माझा आतच राहिला असणार. म्हणजे तुटलेला जोड खरोखरच मास्तरांचा. थोडा लवकर निघाला हे खरं, पण मास्तरांचाही हात कधीतरी चुकत असेल. हा हिशेब मी उभ्या उभ्या केला, आणि पंचवीस वर्षं त्यात कुठे चूक निघू दिली नाही. माझं कामच मोजमापातल्या चुका शोधण्याचं आहे. दुसऱ्यांच्या तेवढ्या सापडतात.

नंदाला सगळे नमुने पुन्हा करावे लागले. डिसेंबर उजाडला. संस्थेतली जागा कुणाची वाट बघत नाही. मास्तर दर वर्षी मुदतवाढीवर असायचे; त्या वर्षी कायम करणार अशी बोलणी होती. जूनमध्ये विद्यापीठ उघडलं तेव्हा ते आले नाहीत. कुणी ठरवलं, कसं, मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. मी तेव्हा अंधेरीत नवी कोरी बॅग घेऊन कामावर जात होते. काच बाहेरून मागवायला लागले, मग काचेची गरजच संपली, सगळं स्टीलचं झालं. मास्तर कुठल्याशा कारखान्यात इंजेक्शनच्या कुप्या करायला लागले असं ऐकलं.

एकदाच भेटले. मरोळच्या बाजारात, सकाळी, हातात बोंबलांची पिशवी. केस पांढरे झालेले, पण बोटं अजून मोडत होते.

"काय बाय, काच हाय काय हातात अजून?"

"नाही मास्तर. आता सगळं स्टीलचं."

"स्टील बरं," ते म्हणाले. "त्याच्यात काय दिसत नाय." मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "नंदाबाय कशी हाय? रागावली असेल माझ्यावर."

"नाही हो, मास्तर."

खोटं होतं तेही. नंदा रागावलेली होती. जागा गेल्याचं तिने कधी रडगाणं केलं नाही, पण मास्तरांचा विषय निघाला की ती एकच वाक्य बोलायची: "देवमाणूस, पण माझ्या वेळी हात चुकला." मला बाजारात बोलता आलं असतं. मला कामावर जायला उशीर होत होता. चार वर्षांपूर्वी ते गेले, आणि मला ते महिन्याने कळलं.

"अगं, फळी अजून आहे," नंदा म्हणाली.

खरंच होती. धुळीखाली चिठ्ठ्यांचे कोपरे दिसत होते. मी एकेक उचलून मोठ्याने वाचायला लागले. 'गप्पा' सापडली आणि नंदा हसत सुटली; ती तिचीच होती. मग तिने स्टीलचं कपाट उघडलं. खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"हे बघ. मास्तरांचा ट्रॅप, नवाच्या नवा. वापरलेलासुद्धा नाही." तिने तो उजेडात धरला. काचेत केसाएवढा हवेचा धागा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गळ्यापाशी खूण: एक उभी, एक आडवी.

मी फळीकडे वळले. तिथे, अगदी शेवटी, तो तुटलेला होता. त्यातही तोच धागा. त्यावरही तीच खूण.

त्या नळीचे दोनच ट्रॅप झाले होते. एक त्यांनी केला, एक मी. दोन्हींवर त्यांची खूण. एवढं गणित मला येतं.

मी चिठ्ठी उलटी केली. शाई फिकी झाली होती, अक्षर त्यांचं. 'लवकर उठवला.'

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी साहेबांच्या खोलीत येण्याआधी ते इथे या टेबलाशी बसले असणार, तुटलेला तुकडा डाव्या हातात धरून, आणि त्यांनी कानस फिरवली असणार. नंतर नेहमीच्या शिस्तीने कारण लिहिलं, खरं कारण, आणि फळीवर ठेवून दिलं. ते सगळ्यांना दिसेल असं होतं. निकालाच्या दिवसापर्यंत मी या खोलीत येत होते. मी त्या फळीकडे बघायचं टाळत होते, हेही मला आत्ताच आठवलं.

नंदा माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने चिठ्ठी वाचली नव्हती, चष्मा पर्समध्ये होता.

"हाच ना तो?" ती म्हणाली. "बिचारे मास्तर. आयुष्यात एक जोड चुकला, तोही माझ्याच नशिबी. जाऊ दे. गेलेल्या माणसाला काय बोलायचं."

खिडकीची चौकट जागेवर होती, पण तिचा दिवा गेलेला. मी ती उचलून दारातल्या उजेडाकडे धरली आणि तुटका तुकडा दोन काचांच्या मधे सरकवला. रंग होते. तडा गेला होता तिथे काळं झालं होतं, पण शेजारी कोर तशीच होती, पिवळी आणि निळी. मग मी टेबलाच्या खणात हात घातला. कानस तिथेच होती, गंजलेली. एक कड अजून चालत होती.

"काय करतेस?" नंदा म्हणाली. "रंग आहेत त्यात. चिरेल."

"चिरू दे."

चिरला नाही. मास्तरांच्या खुणेशेजारी मी आकडा काढला. पंचवीस वर्षांनीही आकडा आकड्यासारखा आला. तुकडा आणि चिठ्ठी मी तिच्या हातात दिली. तिने चष्मा शोधला, लावला, चिठ्ठी वाचली. मग खूण बघितली. मग माझ्याकडे.

"तुझी खूण."

"हो. जोड माझा होता."

बाहेर टेंपो मागे घेत होते, कुणीतरी "आने दो, आने दो" ओरडत होतं.

"खिडकीत दिसला होता रंग?" तिने विचारलं.

"दिसला होता."

"किती आधी काढलास?"

"चार तास."

"चार तास," ती म्हणाली. आवाज वर्गात उत्तर तपासताना असावा तसा, सपाट. "चार तासांत मी घाटकोपरला जाऊन, जेवून, भांडी घासून परत आले असते."

बोलण्यासारखं जे होतं त्याची वेळ एकदा ट्रॅप तुटला त्या दुपारी होती आणि एकदा बाजारात.

ती टेबलाजवळ गेली. माझ्या पिशवीतली रद्दी काढून तिने मास्तरांचा अख्खा ट्रॅप नीट गुंडाळला, टोकांना जास्त घड्या घालून, त्यांनी शिकवलं होतं तसा. तुटका तुकडा तिने फळीवर होता तिथे परत ठेवला, चिठ्ठी वर दिसेल असा.

"इतकी वर्षं नावं ठेवली मी त्यांना," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाची माफी कुठे मागतात गं?" उत्तराची वाट न बघता ती पायरी उतरली.

भंगारवाले आत आले. मी त्यांना फळी दाखवली आणि सांगितलं की काच सांभाळून, हात कापेल. मग मीही निघाले. विद्यापीठाच्या फाटकापर्यंत सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी झाडं. नंदा बरीच पुढे गेली होती, पुडकं छातीशी धरून, दुखऱ्या गुडघ्याने जरा एका अंगावर चालत. नेहमी ती अशी पुढे गेली की वळून थांबते आणि म्हणते, चल की पटापट. आज थांबली नाही. मीही घाई केली नाही.